चित्रात आहे, यादीत नाही

नवरात्रातली चौथी माळ. इंदूरमध्ये शाळा सुटल्यावर पलासियाहून घरी, राजेंद्रनगरला निघाले होते. नवलखा ओलांडला, भंवरकुव्याच्या सिग्नलला थांबले. हिरवा लागला, पहिला गिअर टाकायला गेले तर दांडा डावीकडे गेला खरा, पण पोकळ. खिरीत चमचा फिरवावा तसा. पुढे ढकलला, क्लच सोडला, गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मागून हॉर्न सुरू झाले. एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "सीख रहे हो क्या, मैडम?" मी २६ वर्षं गाडी चालवतेय.

काही तरी करून क्लच अर्धवट दाबून ठेवत, ॲक्सिलरेटर देत देत निघाले. गाडी हलली, पण जडपणे, बैलाने चिखलातून गाडा ओढावा तशी. थोड्या वेळाने कळलं की मी पहिला टाकला असं मला वाटत होतं आणि गाडी तिसऱ्यात होती. दुसरा टाकायला गेले की चौथा पडायचा. पहिला-दुसरा जणू गाडीतून कुणी काढूनच नेले होते. चार-पाच किलोमीटर तशीच आले. घरी पोचेपर्यंत क्लच जळाल्याचा वास साडीलाही लागला.

आमचा नेहमीचा मेकॅनिक चोइथराम मंडीच्या रस्त्याला असतो. तो संध्याकाळी आला, बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा बाजूला केला, आत हात घातला आणि एक केबल नुसती लोंबत होती ती वर काढून दाखवली. मग गिअर बॉक्सवरच्या एका पिनेभोवती बोट फिरवून त्याने माझ्या तळहातावर काही काळे तुकडे ठेवले. करपलेल्या चुरमुऱ्यांसारखे. दाबले तर चुरा झाला.

"बुश गया मैडम," तो म्हणाला. (आमच्याकडे घरात मराठी आणि दारात हिंदी, त्यामुळे बोलणं झालं तसंच लिहिते.)

प्रकार असा असतो. गिअरच्या दांड्यापासून गिअर बॉक्सपर्यंत दोन केबली जातात. एक दांडा डावी-उजवीकडे हलवल्याचं सांगते, दुसरी पुढे-मागे. प्रत्येक केबलीच्या टोकाला एक धातूचं कडं, कड्यात प्लास्टिकचं बोटाच्या पेराएवढं बुश, आणि ते बुश गिअर बॉक्सवरच्या पिनेवर बसतं. खाली इंजिनाची धग. बारा वर्षं ते प्लास्टिक तापतं-निवतं, मग कडक होतं आणि एक दिवस तडकतं. माझी डावी-उजवीवाली केबल निसटली होती. ती निसटली की आतली स्प्रिंग गिअरला मधल्या रांगेत आणून ठेवते, आणि मधल्या रांगेत असतात तिसरा आणि चौथा. म्हणजे गाडी वेडेपणा करत नव्हती, शिस्तीत मोडली होती.

मेकॅनिकने केबलीचं कडं पिनेवर ठेवून बांधणीच्या तारेने आवळलं. "तीन-चार दिन चल जाएगा. कंपनी से बुश ले आओ, दस मिनट का काम है."

दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांपर्यंत पोचायला मला अठरा दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर निघून शोरूमला गेले. कंपनीचं नाव घेत नाही, शोरूमचंही नाही. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांचे अनुभव कंपनी बदलली तरी सारखेच निघाले. त्या आठवड्यात जीएसटी उतरला होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला होता, आणि त्याच दिवशी घटस्थापना. शोरूममध्ये लग्नघर झालं होतं. काचेच्या दारात झेंडूच्या माळा, पेढे, नव्या गाडीवरून लाल कापड ओढताना टाळ्या, आणि एक आजी चाकाखाली लिंबं ठेवत होत्या. मला दारातच एका मुलीने पाणी दिलं. "कौन सी देख रहे हैं मैम?" मी म्हटलं, बुश. तिचं हसू होतं तिथेच राहिलं आणि तिने हात मागच्या बाजूला केला.

मागे म्हणजे अगदी मागे. वॉशिंगच्या पाण्यातून, जॅकवर चढवलेल्या गाड्यांच्या बाजूने गेलं की एक खिडकी आणि त्यावर पाटी, 'पार्ट्स'. खिडकीत पंचविशीचा मुलगा. त्याने आधी माझ्या मागे पाहिलं. "सर नहीं आए?" सर त्या वेळी बँकेत होते आणि त्यांना बुश हा शब्द आदल्या रात्रीपर्यंत माहीत नव्हता, पण हे सांगत बसले नाही. पिशवीतून डबी काढली. ती आईची जुनी वेखंडाची डबी, तिच्यात ते काळे तुकडे. मुलाने डबीत डोकावलं, पण हात लावला नाही.

"चेसिस नंबर?"

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, दिली. सतरा अक्षरांचा नंबर तो मोठ्याने वाचत टाइप करत होता. मध्ये मी उगाच मदत करायला गेले, "ओ" म्हणाले. "मैडम, इसमें ओ नहीं आता, ज़ीरो है." खरंच, त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. इतकी काळजी घेणाऱ्या लोकांकडे माझं बुश असणारच, असं मला तेव्हा वाटलं.

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. गाडीचा तो भाग सुटा करून हवेत मांडल्यासारखं चित्र. दांडा, दांड्याची मूठ, रबरी झालर, दोन केबली, क्लिपा, आणि केबलीच्या टोकाला, अगदी स्पष्ट, माझं बुश. नीट काढलेलं. कॉलरसुद्धा दाखवलेली. मी बोट ठेवलं, "हेच."

"हां, पर इसका नंबर नहीं है."

चित्रातल्या प्रत्येक वस्तूला एक बारीक रेघ आणि रेघेच्या टोकाला आकडा. बुशाला रेघच नव्हती. रेघ केबलीला होती, आणि तो आकडा दोन्ही केबलींच्या पूर्ण सेटचा होता. "चाइल्ड पार्ट की सप्लाई नहीं है मैडम. असेंब्ली आएगी." चाइल्ड पार्ट, म्हणजे मोठ्या भागाच्या पोटातला छोटा भाग. मला शब्द आवडला. लेकरू हरवलं तर आईच नवी घ्यायची, असा तो हिशेब.

सेटची किंमत ६,२४० होती, कर उतरल्यावर ५,७५३. त्याने हे असं सांगितलं की जणू ४८७ रुपये माझ्या हातावर ठेवले. बसवण्याची मजुरी वेगळी, कारण पूर्ण केबल बदलायची तर आतला कन्सोल उघडायचा. शिवाय माल इथे नाही, डेपोतून येईल, आठ ते दहा दिवस, पूर्ण पैसे आगाऊ, आणि "ऑर्डर का माल वापस नहीं होता".

मी घासाघीस करणारी बाई नाही, पण प्रश्न विचारणारी मास्तरीण आहे. केबल चांगली आहे, मग केबल का घेऊ? तो मुलगा गोरामोरा झाला. त्याने नियम बनवला नव्हता. त्याच्यापुढचं चित्र होतं आणि त्यात रेघ नव्हती, एवढंच. तेवढ्यात काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आले. "मैडम, बारा साल पुरानी गाड़ी है. अभी एक्सचेंज बोनस चल रहा है." मी बुश मागायला आले होते आणि ते मला गाडी विकत होते.

विचार करते म्हटलं आणि निघाले.

त्या रविवारी घरात बैठकच भरली. माझा मावसभाऊ पिथमपूरला एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे, गाड्यांचं वायरिंग बनवणारा कारखाना. त्याला मी तावातावाने सगळं सांगितलं. तो पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, तुझं बुश कंपनीने कधी विकत घेतलेलंच नाही."

म्हणजे? म्हणजे गाडीची कंपनी केबल बनवत नाही, ती केबलवाल्याकडून घेते. केबलवाला बुश बनवत नाही, तो प्लास्टिकच्या मोल्डिंगवाल्याकडून गोण्यांनी घेतो. गाडीच्या कंपनीच्या दारात येते ती बुश बसवलेली केबल. तिचा एक नंबर. बुशाला वेगळा नंबर द्यायचा तर त्याची वेगळी तपासणी, वेगळी पुडी, पुडीवर किंमत आणि तारखेचं लेबल, गोदामात वेगळा खण, आणि गाडी बंद झाल्यावरही कित्येक वर्षं तो खण सांभाळायचा. "वस्तू रुपया-दोन रुपयांची. पुडी तिच्यापेक्षा महाग पडते."

आणि डीलर का ठेवत नाही? तो म्हणाला, डीलरचा पैसा फिरतो फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बंपर, हेडलाइट यांच्यावर. जे रोज खपतं ते रॅकवर. वर्षातून एखादा मागेल ते ठेवून त्याचं भांडवल कशाला अडकवेल? त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटल्याचा रागही आला. कारण या सगळ्या हिशेबात कुणीच चोर नाही आणि ५,७५३ रुपये मात्र माझेच जाणार होते.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही, आणि अजूनही पटत नाही. जी वस्तू झिजण्यासाठीच केलेली आहे, कड्याने पिन खाऊ नये म्हणून मध्ये मऊ प्लास्टिक ठेवलं आहे, तीच वस्तू सुटी न मिळणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला तर पायसुद्धा नवा घ्या म्हणण्यासारखं आहे. गाडी आखणाऱ्याला ते झिजणार हे माहीत होतं. माहीत असल्याशिवाय बुश घातलंच नसतं.

बैठकीत पुतण्याही होता, वकिली करतो. त्याने सांगितलं की हे भांडण जुनं आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. मूळ सुटे भाग खुल्या बाजारात आणि बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा ठपका. पुढे अपिलं झाली. आणि २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. मी लगेच फोन घेऊन बसले. पोर्टलवर कंपन्यांची माहिती, सर्व्हिस सेंटर, वॉरंटी. माझ्या बुशाला तिथेही रेघ नव्हती.

१९१५ वर तक्रारही नोंदवली. हेल्पलाइनच्या बाईंनी नीट ऐकलं, तक्रार कंपनीकडे गेली, आणि चौथ्या दिवशी कंपनीतून अतिशय गोड आवाजात फोन आला की मॅडम, आपण मागितलेला भाग असेंब्लीच्या स्वरूपात उपलब्ध आहे. उपलब्ध आहे म्हणजे प्रश्न मिटला.

पण त्याआधी सोमवारीच मी हरून सेटची ऑर्डर देऊन आले होते. कारण तार. बांधणीची तार दोनदा तुटली. एकदा शाळेच्या फाटकात आणि एकदा रीगलच्या चौकात, भर दुपारी. तोपर्यंत मी पर्समध्ये पक्कड आणि तारेचं भेंडोळं ठेवायला लागले होते. बोनेट उघडायचं, बॅटरीच्या मागच्या फटीतून हात घालायचा, कडं शोधून पिनेवर बसवायचं आणि दोन वेढे देऊन पिळायचं. दुसऱ्या वेळी मला सात मिनिटं लागली. ट्रॅफिकच्या हवालदाराने आधी शिट्टी वाजवली, मग जवळ येऊन पाहिलं आणि स्वतःहून मागच्या गाड्या वळवायला लागला. आठवीच्या वर्गातल्या दोन मुली स्कूल व्हॅनमधून हे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात माझा दरारा वाढलेला होता.

दहा दिवसांनी फोन आला, माल आलाय. मेकॅनिकला घेऊनच गेले. त्याने खोक्यातून केबल काढली, टोकाचं कडं बघितलं, बोट आत घातलं आणि मान हलवली. "बड़ा है." पिनेवर ठेवून बघितलं तर गाजराला बांगडी घातल्यासारखं. खळखळ हलत होतं.

चूक कुठे झाली ते शोधायला तासभर गेला. माझी गाडी बनली २०१३ च्या फेब्रुवारीत, पासिंग झालं एप्रिलमध्ये. मार्चमध्ये कंपनीने गिअर बॉक्सवरची पिन बदलली होती. म्हणजे त्या मॉडेलला केबलींचे दोन नंबर, एक मार्चच्या आधीच्या गाड्यांचा आणि एक नंतरचा. ऑर्डर देताना खिडकीत दुसरा माणूस होता, त्याने चेसिस नंबराऐवजी आरसीवरचा पासिंगचा महिना धरला. आणि मार्चच्या आधीचा नंबर आता टाकला तर पुढे लाल अक्षरांत येत होतं, 'सप्लाय बंद'.

म्हणजे आता असेंब्लीही नाही.

मी काही बोलले नाही. माझ्या न बोलण्याला आमच्या घरी सगळे घाबरतात, तिथेही घाबरले असावेत. मॅनेजरांनी कोल्ड कॉफी मागवली. परत न घेण्याचा माल परत घेतला गेला, पण पैसे रोख नाहीत, त्याच शोरूममध्ये वापरायची ५,७५३ ची क्रेडिट नोट. खिडकीतला पंचविशीचा मुलगा मला बाहेरपर्यंत सोडायला आला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मैडम, छोटी ग्वालटोली जाके देखो. यहाँ टाइम मत ख़राब करो."

हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. छोटी ग्वालटोली म्हणजे सरवटे बसस्टँडच्या जवळ, ऑटो पार्ट्सची दुकानं. माझे वडील तिथूनच सगळं आणायचे. त्यांच्याकडे कायनेटिक होंडा होती, इथेच पिथमपूरला बनायची ती, आणि तिची एखादी वायर तुटली, रबर फाटलं, की अण्णा तुटकी वस्तू कागदात गुंडाळून न्यायचे आणि तसलीच दुसरी घेऊन यायचे. नंबरबिंबर काही नाही. वस्तू दाखवायची, वस्तू घ्यायची.

डबी घेऊन तिथे गेले. पहिल्या दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्यात एक बोहरी चाचा होते, पांढरी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी डबी उघडली आणि तुकडे काचेवर ओतले. मग नखाने ते जुळवायला बसले. सात तुकडे होते, आठवा नव्हता. शंकराच्या देवळात फुटलेली पिंड जोडावी इतक्या हलक्या हाताने त्यांनी ते कडं उभं केलं आणि काच न हलवता वरून, बाजूने पाहिलं. "ये तो गियर का है. सिलेक्टर का." मी चाट पडले. नाव-गाव, चेसिस, मॉडेल, काही विचारलं नव्हतं.

मागून चार डबे आले. निरनिराळ्या गाड्यांची बुशं, पांढरी, काळी, एक पिवळं. व्हर्नियर लावून एकेक मोजलं. सगळ्यात जवळचं एका व्हॅनचं होतं, पण आतून अर्धा मिलिमीटर मोठं. मी म्हटलं, अर्ध्या मिलिमीटरने काय होतं? चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "बेन, आधा एमएम यहाँ होगा तो गियर के डंडे पे ऊपर दो अंगुल हो जाएगा." दिलं नाही. पैसे मिळत असताना दिलं नाही. त्याऐवजी एका जुन्या बिलाच्या पाठीवर खुणेचा पत्ता काढून दिला, पोलोग्राउंडकडचा. तिथे एक खरादवाला आहे, म्हणजे लेथच्या यंत्रावर वस्तू कातून देणारा, त्याच्याकडे जा, आणि गाडी घेऊन जा, नुसते तुकडे नेऊ नकोस.

माझ्या मुलाने पुण्याहून तोपर्यंत एक शोध लावला होता. परदेशात अशा बुशांचे तयार किट मिळतात, गाडीवार. फक्त आमची गाडी तिकडे विकलीच गेली नाही. आणि ज्याचं माप जुळत होतंसं वाटलं त्याचं टपालच सेटच्या किमतीच्या जवळ जात होतं. तरी त्याचा उत्साह मोडायला नको म्हणून मी त्याला मापं पाठवायला लावली.

सोमवारी, १३ ऑक्टोबरला, मेकॅनिकला बरोबर घेऊन खरादवाल्याकडे. पत्र्याची शेड, एक लेथ, भिंतीला देवीचा फोटो आणि त्याला ताजी जास्वंद. गृहस्थ साठीचे, कानात कापूस. त्यांनी प्रथम गिअर बॉक्सवरची पिन पुसून मोजली, तीन ठिकाणी. मग कड्याचं आतलं माप. मग पिनेच्या खाचेपासून वरपर्यंतची उंची. हे सगळं खडूने लेथच्या अंगावरच लिहिलं. पांढऱ्या डेलरिनच्या गजाचा तुकडा काढला, हे प्लास्टिक नायलॉनपेक्षा कमी फुगतं म्हणाले, आणि लावला.

प्लास्टिक कातताना लोखंडासारखे तुकडे उडत नाहीत. शेवयांसारखी लांब पांढरी तार निघत राहते आणि गोल गोल साठत जाते. मी लहान मुलासारखी बघत उभी होते. दहा मिनिटांत बुश तयार. चकचकीत, कॉलरसकट. मेकॅनिकने लगेच हात पुढे केला. म्हाताऱ्यांनी दिलं नाही. बाजूच्या फळीवर ठेवलं आणि बिडी पेटवली.

"ठंडा होने दो."

मग मला समजावून सांगितलं. कातताना प्लास्टिक तापतं, तापलं की फुगतं. आता भोक बरोबर दिसतंय, पण निवल्यावर आवळेल. बिडी संपल्यावर मोजलं तर खरंच भोक थोडं लहान झालेलं होतं. बसवून पाहिलं, बसलं, पण गिअर असा जड की दोन हातांनी ओढावा. ते बुश त्यांनी फेकून दिलं आणि दुसरं लावलं, या वेळी जरा मोठं कातून, मध्ये दोनदा थांबून, पाण्याच्या फडक्याने निववत. शेवटी करवतीने एका बाजूला बारीक चीर दिली, म्हणजे दाबून कड्यात शिरतं आणि आत गेल्यावर उघडतं.

मेकॅनिकने आत हात घातला. टक. इतकाच आवाज.

मी गाडीत बसले. पहिला. दुसरा. पुन्हा पहिला. रिव्हर्स. गाडी नवी होती तेव्हाही इतकं खुटखुटीत वाटलं नव्हतं, किंवा अठरा दिवस तार पिळल्यामुळे मला तसं वाटलं असेल. शेडमधून मी तशीच तीनदा मागे-पुढे केली. म्हातारे लेथ पुसत होते.

आणखी तीन करून द्या म्हटलं, दुसऱ्या केबलीचंही त्याच वयाचं आहे. चारांचे ३२० रुपये झाले. बिघडलेल्याचे घेतले नाहीत. मी सहज विचारलं, ब्रेकचं असं काही करून देता का? त्यांनी कानाला हात लावला. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काही आणायचं नाही, कितीही पैसे द्या. गिअर निसटला तर गाडी उभी राहते, ब्रेक निसटला तर राहत नाही. मापं मात्र त्यांनी मी मागितली तशी एका चिठ्ठीवर लिहून दिली, बारीक अक्षरात, आतलं, बाहेरचं, कॉलर, उंची, आणि शेवटी 'ठंडा नाप'.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, ती क्रेडिट नोट संपवायला शोरूममध्ये गेले. झेंडू उतरले होते, शोरूम रिकामं होतं. ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला, ३,१०० झाले. मग मागच्या खिडकीशी वायपर मागायला गेले. तोच मुलगा. या वेळी त्याने माझ्या मागे पाहिलं नाही.

"मैडम, वो बुश का क्या हुआ?"

मी आरसीच्या पाकिटातून चिठ्ठी काढली. त्याने ती वाचली, उलटी करून पाहिली, मग काचेच्या केबिनकडे एक नजर टाकली, आणि मोबाइल काउंटरखाली धरून तिचा फोटो काढला. "तीन कस्टमर खड़े हैं मेरे. मार्च के पहले वाले." मी डबीतलं एक बुश त्याच्यासमोर ठेवलं, नमुन्याला. त्याने या वेळी ते उचललं, बोटात फिरवलं, आणि खिशात टाकलं.

वायपरची जोडी ८४० ची. नोटेवर अजून १,८१३ शिल्लक आहेत, मार्चपर्यंत चालतील म्हणाला.